कॅबिनेट बसतं, माणसं बसत नाहीत: एका बँडच्या गाडीचा हिशेब

बँड पाच जणांचा. ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड आणि गायिका. सहावा मी, साऊंड बघणारा. स्पीकर, मिक्सर, केबल सगळं स्वतःचं घेऊन फिरणारा बँड, त्यामुळे सामान भरपूर, आणि ते आजवर तीन घरच्या गाड्यांत विभागून जायचं. मागच्या सीटा पाडायच्या, बेसची केस पुढच्या दोन सीटांच्या फटीतून गिअरपर्यंत सरकवायची, गायिकेने सिंबलची बॅग मांडीवर घेऊन बसायचं. महिन्याला एखादा कार्यक्रम होता तोवर हे खपून गेलं. आठवड्याला एक होऊ लागला तशी रडगाणी सुरू झाली. माइकचे स्टँड एका गाडीत, त्यांच्या क्लिपा दुसऱ्या गाडीत, आणि ती दुसरी गाडी अजून वाटेतच.

शेवटी सामायिक पैशातून एक गाडी घ्यायची ठरली. कोणती, यावर मात्र एकमत होईना. ड्रमरला दोन ओळींची सहा आसनी व्हॅन हवी होती: पुढे माणसं, मागे सामान, सगळे एकत्र. बेसवाल्याला उंच छताची, मिळेल तितकी मोठी. गिटारवाल्याच्या गाडीला आधीच हूक होता, तो म्हणे ट्रेलर जोडू. गायिकेचं म्हणणं, गाडी घ्यायचीच कशाला, कार्यक्रमापुरती भाड्याने आणू. कीबोर्डवालीने एवढंच सांगितलं की तिची केस दीड मीटर लांब आहे आणि ती तिरकी ठेवायची नाही.

माहितीपत्रकं उघडण्याआधी सामानाचं वजन करू, एवढा एकच हट्ट मी धरला.

वजन

घरगुती वजनकाट्यावर हे काम होतं. सुटी वस्तू हातात घेऊन माणसाने काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून त्याचं वजन वजा करायचं. जे हातात घेता येत नाही त्याचं एक टोक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवायचं, आकडा लिहायचा, मग टोकं उलटी करायची. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे वजन.

ड्रम्स, केसांसकट, ७५ किलो. ऐकायला खूप वाटतं, पण त्यात २८ किलो एकट्या हार्डवेअरच्या बॅगेचे होते, म्हणजे स्टँड, पेडल, स्टूल. गिटारचा कॉम्बो अँप (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत), दोन गिटारी आणि पेडलबोर्ड मिळून ५५. कीबोर्ड, त्याची कडक केस आणि स्टँड ४०. साऊंडचं सामान सगळ्यात जड: दोन बारा-इंची स्पीकर, दोन सब (खर्जाचे स्पीकर), दोन मॉनिटर (वादकांच्या दिशेने ठेवायचे स्पीकर), मिक्सरचं रॅक, केबलची पेटी, माइक आणि स्टँड मिळून २१२ किलो. हे माझं खातं, त्यामुळे त्या दिवशी मी फार बोललो नाही.

आणि बेस. आठ दहा-इंची स्पीकरांचं जुनं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरांची पेटी, ६३ किलो, त्यावरचा व्हॅक्यूम ट्यूबचा अँप ३६ किलो, बेस आणि त्याची केस ८. एका माणसाचे १०७ किलो. सगळ्यांची बेरीज ४८९.

त्यात माणसं मिळवा. सहा जण, सरासरी ७५ किलो धरली तर ४५०. एकूण ९३९ किलो.

वाद खरं तर इथेच निम्मा मिटायला हवा होता. बहुतेक लोक गाडीत जागा किती ते बघतात. गाडीला ओझं किती पेलतं हे दाराच्या खांबावरच्या पाटीवर आणि कागदपत्रांत असतं, आणि ते कोणी वाचत नाही. कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती वहनक्षमता, आणि त्यात माणसंही येतात. बहुतेक सात आसनी कौटुंबिक गाड्यांत हा आकडा पाचशे ते सातशे किलोंच्या घरात असतो. म्हणजे मागच्या सीटा काढल्यावर आमचं सामान अशा गाडीत कदाचित मावलं असतं, पण पुढे दोघे बसले की ती मर्यादेला टेकली असती आणि तिघे बसले की बहुधा ओलांडून गेली असती. जास्त ओझ्याची गाडी दिसायला ठीक चालते. फरक कळतो ब्रेक लावल्यावर, नाहीतर टायर तापून फुटल्यावर. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी वजनाचा प्रश्न काढू शकते, तो वेगळाच.

इथे एक बारीक खाच आहे. युरोपीय मोजणीत ‘रिकाम्या’ गाडीच्या वजनातच ७५ किलोचा चालक आणि नव्वद टक्के भरलेली टाकी धरलेली असते. इतर ठिकाणी चालक धरलेला नसतो. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे बघावं लागतं. नाहीतर एक माणूस हिशेबात दोनदा येतो किंवा अजिबात येत नाही.

फरशीवरची गाडी

आकारमानाचं गणित सोपं वाटतं आणि फसवतं. प्रत्येक पेटीची लांबी, रुंदी, उंची गुणून बेरीज केली तर आमचं सामान सव्वादोन ते अडीच घनमीटर भरलं. पण गोल ड्रम, तिरके मॉनिटर आणि गिटारच्या केसा विटांसारख्या रचता येत नाहीत. अशा मिश्र सामानाने जागेचा साधारण दोन तृतीयांश भाग भरला तरी उत्तम म्हणायचं. म्हणजे गाडीत साडेतीन घनमीटर हवेत. सीटा पाडलेल्या लांब स्टेशन वॅगनमध्ये दीड ते पावणेदोन घनमीटर मिळतात, तो पर्याय तिथेच संपला. छोट्या माल-व्हॅनमध्ये सव्वातीनच्या आसपास. मध्यम व्हॅनमध्ये पाच ते सहा.

मग रिहर्सलच्या खोलीत फरशीवर चिकटपट्टीने एकेका गाडीची मालाची जागा आखली. ही युक्ती मी कोणालाही सांगेन. आखताना तीन गोष्टी सुटता कामा नयेत. पहिली, चाकावरच्या कमानी. आम्ही त्यांच्या जागी पुस्तकांचे खोके ठेवले, आणि एका गाडीच्या चौकोनात कमानींच्या मध्ये एक सब आणि किक ड्रमची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची) केस शेजारी शेजारी बसेनात. बावीस इंचांचा किक म्हणजे ५६ सेंटिमीटर, केस घातली की साठ. दुसरी, दाराची चौकट. आतली उंची सव्वा मीटर असली तरी मागच्या दाराची उंची त्याहून कमी असते, आणि वस्तू दारातूनच आत जाते. तिसरी, भिंतींचा कल. छताकडे भिंती आत झुकतात, त्यामुळे वरच्या थरातल्या पेट्या फरशीवर बसतात तशा बसत नाहीत. यासाठी बांबूला दोरी बांधून वरची कड दाखवावी लागली. दिसायला हास्यास्पद, पण कीबोर्डवालीचा प्रश्न त्यानेच सुटला: दीड मीटरची केस मध्यम व्हॅनमध्ये आडवी बसत होती, दोन्ही बाजूंना तळव्याएवढी जागा सोडून.

उंबरा हा शब्द आम्ही तेव्हापासून वापरू लागलो. मागचं दार उघडल्यावर सामान ज्या कडेवरून आत जातं तिची जमिनीपासूनची उंची. कित्येक मोटारींत ही कड मांडीच्या वर येते आणि आतली फरशी तिच्यापेक्षा खाली असते, म्हणजे आधी उचला, मग वाकून आत सोडा. कंबर जाते ती या दुसऱ्या हालचालीत. व्हॅनची फरशी साधारण ५५ ते ६० सेंटिमीटरवर असते आणि सपाट असते. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सगळं अनुकूल असताना, म्हणजे ओझं अंगाजवळ, पकड चांगली, वाकणं-वळणं नाही, तेव्हा उचलायची मर्यादा २३ किलो धरलेली आहे. परिस्थिती बिघडली की आकडा खाली येतो. रात्री एक वाजता, पावसात, भुकेल्या पोटी परिस्थिती कितपत अनुकूल असते ते सांगायला नको.

रॅम्पचा विचार झाला. साठ सेंटिमीटर उंचीला अडीच मीटरचा रॅम्प लावला तर ओढायला लागणारा जोर वजनाच्या साधारण एक चतुर्थांश होतो. चाकांवरचे नव्वद किलो चढवायला बावीस-तेवीस किलोंचा जोर. उत्तम. फक्त हा अडीच मीटरचा रॅम्प स्वतः कुठे ठेवायचा? तो गाडीत सगळ्यात शेवटी जातो आणि सगळ्यात आधी निघतो, तेवढी शिस्त असेल तरच घ्यावा. आम्ही घेतला नाही.

बेसवाल्याचं कॅबिनेट

आता मूळ भांडण. ६३ किलो, १२२ सेंटिमीटर उंच, ६६ रुंद. बेसवाल्याचं म्हणणं, ‘अरे, हे जिथे बसतं तीच गाडी घ्या, बाकी सगळं आपोआप बसेल.’ आणि फरशीवर ते खरंही ठरत होतं.

पण हे कॅबिनेट ज्या काळाचं आहे तो काळ वेगळा होता. अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेसचा अँप १९६९ मध्ये आला तेव्हा ३०० वॅट ही थरारक गोष्ट होती, कारण बेसचा आवाज मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची जबाबदारी रंगमंचावरच्या कॅबिनेटवरच होती. आज आमच्याकडे तो आवाज डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला जोडणारी डबी) मिक्सरमध्ये येतो आणि सबमधून बाहेर पडतो. रंगमंचावरचं कॅबिनेट उरतं ते बेसवाल्याला आणि ड्रमरला ऐकू यावं म्हणून. शिवाय १९८० च्या दशकात निओडिमियमची हलकी चुंबकं आली आणि पुढे क्लास-डी प्रकारचे हलके अँप आले. त्यामुळे वीसेक किलोंचं दोन बारा-इंचीचं कॅबिनेट आणि तीन किलोंचा अँप मिळून रंगमंचापुरतं काम निभावून नेतात.

‘निभावून नेतात’ या शब्दावर बेसवाला अडला, आणि त्याचं चूक नव्हतं. आठ स्पीकर एकत्र हवा ढकलतात तेव्हा पोटरीला जे जाणवतं ते दोन स्पीकरांत नाही. मी ते नाकारलं नाही. माझा मुद्दा वेगळा होता. हे कॅबिनेट ठेवलं तर बँड त्याच्यासाठी एक मोठी गाडी घेतोय, तिचं इंधन, तिचं पार्किंग आणि दोन माणसांच्या कंबरा यांसकट. ते नसलं तर तीच गाडी एक आकार लहान होते. उचलणाऱ्यांची तक्रार ऐकून वाद्याचा आकार बदलल्याचं जुनं उदाहरणही आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर ‘द हू’ या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्या मागणीवरून अँप बनवणारे जिम मार्शल यांनी आठ बारा-इंची स्पीकरांचं एकसंध कॅबिनेट बनवून दिलं होतं. ते हलवणाऱ्यांनी हात टेकले, मग त्याचेच चार-चारचे दोन भाग झाले. गिटारवाले ज्याला ‘स्टॅक’ म्हणतात तो असा जन्माला आला.

हे ऐकून बेसवाला हसला, पण कॅबिनेट सोडायला तयार झाला तो दुसऱ्याच कारणाने. ड्रमर म्हणाला, ‘मी किती वर्षं त्याची दुसरी बाजू धरतोय. तुझ्याशिवाय ते कोण उचलतं, सांग.’ जुनं कॅबिनेट रिहर्सलच्या खोलीत राहिलं, रेकॉर्डिंगला वापरायचं म्हणून. गाडीतून ७६ किलो उतरले. सामान ४१३ वर आलं.

एकत्र की वेगळे

ड्रमरची सहा आसनी व्हॅन ही मला सुरुवातीपासून सगळ्यात आकर्षक वाटत होती, आणि तिचाच हिशेब सगळ्यात वाईट निघाला. आम्ही पाहिलेल्या गाडीची वहनक्षमता ८८० किलो होती. जुन्या बेस-सामानासकट आमचे ९३९ तिच्या बाहेरच जात होते. नव्या सामानासकट ८६३. म्हणजे १७ किलो शिल्लक, ज्यात सहा जणांच्या कपड्यांच्या बॅगाही मावत नाहीत. दुसरी ओळ, काचा आणि त्यामागची पार्टिशन यांचं वजन त्याच वहनक्षमतेतून गेलेलं असतं. वर मालाची जागा जवळजवळ एक मीटरने आखूड होते आणि सामान छतापर्यंत रचावं लागतं. छतापर्यंत रचलेलं सामान म्हणजे वर ठेवलेलं वजन, आणि तीच पार्टिशन मागच्या ओळीतल्या माणसाच्या डोक्यामागे.

तीन आसनी मध्यम व्हॅनची क्षमता १,०५० किलो. तिघांचे २२५ आणि सामानाचे ४१३ मिळून ६३८. उरलेले तिघे घरच्या एका गाडीत. कागदावर निर्णय सरळ होता.

पण ड्रमरचा आक्षेप वजनाचा नव्हताच. तो म्हणाला, दोन गाड्या म्हणजे रात्री परतताना दोन जागे चालक. एका गाडीत एक चालवतो, पाच झोपतात. हा मुद्दा मी आजही खोडून काढू शकत नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांच्या १९९७ च्या प्रयोगात १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली होती. सकाळी सातला उठलेला वादक मध्यरात्री गाडी सुरू करतो तेव्हा त्याचे नेमके १७ तास झालेले असतात. म्हणजे दारूला हात न लावताही.

त्यामुळे तीन आसनी व्हॅन घेतली ती एका नियमासकट. त्या रात्रीचे दोन चालक आधी ठरतात. ते दुपारी झोपतात आणि कार्यक्रम संपल्यावर सामान चढवायला हात लावत नाहीत. बाकीचे चौघे वाइंड अप करतात. यावर कुरबुर झाली (गायिकेची जास्त, कारण तिला गाडी चालवता येते आणि तरी पहिल्या महिन्यात तिच्या वाट्याला केबल गुंडाळणंच आलं), पण नियम टिकला.

ट्रेलरला मी फार वेळ दिला नाही. सामान एरवी वेगळं ठेवता येतं आणि घरची गाडी मोकळी राहते, हे त्याचे खरे गुण. पण अरुंद गल्लीत रिव्हर्स घेणं हे वेगळं कौशल्य आहे, कित्येक देशांत ट्रेलरसाठी वेगमर्यादा कमी आणि परवान्याच्या अटी वेगळ्या असतात, आणि सामान मागच्या बाजूला जड झालं की तो वेगात डोलायला लागतो. तो डोलू नये म्हणून पुढच्या हुकावर पुरेसा भार यावा लागतो, म्हणजे दर वेळी विचार करून भरायचा. थकलेल्या माणसांकडून ती अपेक्षा ठेवू नये. आणि कुलूप तोडलं की चोर तो अख्खाच जोडून नेतो.

भाड्याची गाडी मात्र वाईट कल्पना नव्हती. महिन्याला एक-दोन कार्यक्रम असते तर मी गायिकेच्या बाजूने मत दिलं असतं. भाड्याच्या गाडीत खरी अडचण अशी की दर वेळी गाडी वेगळी, बांधायच्या कड्या वेगळ्या जागी, कधी पार्टिशनच नाही. सामान रचायची पद्धत कधी बसतच नाही, आणि आठवड्याला एक कार्यक्रम असेल तर सगळी मदार पद्धतीवर असते.

दारं, छत, गळती

मध्यम व्हॅन म्हणजे हजार प्रकार. उंच छत बेसवाल्याला हवं होतं, आत उभं राहता येतं म्हणून. ते नाकारलं. अनेक तळघरातल्या पार्किंगची उंची दोन मीटरच्या आसपास असते, आणि कार्यक्रमाच्या जागेचं सामानाचं दार बऱ्याचदा त्याच तळघरात. शिवाय छत उंच मिळालं की माणसं त्या उंचीपर्यंत सामान रचतात.

मागे वर उघडणारं एक मोठं दार की दोन्हीकडे उघडणारी दोन दारं? वर उघडणाऱ्या दाराखाली पावसात उभं राहता येतं, हे मला फार आवडतं. पण ते उघडायला मागे भरपूर जागा लागते. दोन पाखांची दारं असलेली गाडी भिंतीला चिकटवून लावली की ती दारं कोणाला उघडता येत नाहीत. रात्री मुक्कामाच्या जागी हे कुलपापेक्षा जास्त कामाचं. आम्ही दोन पाखांची घेतली.

मालाच्या भागाला काचा नकोत आणि बाहेर बँडचं नाव नको, यावर एकमत झालं. १९९९ मध्ये सोनिक यूथ या अमेरिकन बँडचा सामानाचा ट्रकच चोरीला गेला होता. त्यांनी स्वतःच्या हाताने बदललेल्या, वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या गिटारी त्यात गेल्या, आणि काहीच पुढे वर्षांनी परत मिळाल्या. पैसे भरून आणता येणार नाहीत अशा वस्तू रात्री गाडीत ठेवायच्याच नाहीत. आमच्यात गिटारी, बेस, सिंबल आणि माइकची पेटी खोलीत येतात, स्पीकर गाडीत राहतात. विम्याच्या कागदात ‘गाडी बेवारस उभी असताना’ असं कलम असतं ते शोधून वाचावं. वाहनाच्या विम्यात वाद्यं सहसा येतच नाहीत, त्यांचा वेगळा काढावा लागतो.

सेकंड हँड गाडी बघायला गेलो तेव्हा सगळे इंजिन ऐकत होते. मी आत शिरून दारं लावून घेतली आणि बाहेरून पाइपने छतावर पाणी मारायला सांगितलं. अंधारात टॉर्च घेऊन बसायचं आणि सांध्यांवर बघत राहायचं. एका गाडीत मागच्या दिव्याच्या वरून पाण्याची बारीक रेघ आत आली, थेट तिथे, जिथे आम्ही गिटारचा अँप ठेवला असता. ती गाडी बाकी उत्तम होती. सोडून दिली. फरशीवरचं प्लायवूड उचलून खालचा पत्रा बघणं हेही त्याच यादीतलं.

आत काय कुठे

पार्टिशनबद्दल एक आकडा मी सगळ्यांना दिला, कारण सुरुवातीला ती काढून जागा वाढवायचं बोलणं चाललं होतं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अपघातात अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली तर आतल्या वस्तूवर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ वीस पट जोर येतो. तीस किलोंचा गिटार अँप तेव्हा सहाशे किलोंसारखा पुढे येतो. पार्टिशन राहिली.

नेहमीच्या ब्रेकसाठी पट्टे लागतात. सामान बांधण्याच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे अर्ध्या पट जोर धरतात. म्हणजे आमच्या ४१३ किलोंसाठी पुढे तीनशे तीस किलोंचा धक्का. रबरी दोऱ्या याला पुरत नाहीत, रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे हवेत, आणि ते फरशीतल्या कड्यांना, पत्र्याच्या भोकांना नव्हे.

मग क्रमाचा पेच. जड वस्तू खाली आणि पार्टिशनला टेकून हव्यात. मागच्या चाकांच्या मागे जड सामान गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ वाटतं. पण आमच्यात जड म्हणजे सब आणि स्पीकर, आणि कार्यक्रमाच्या जागी सगळ्यात आधी लागतात तेच. आधी लागणारं सामान सगळ्यात आत, मागच्या दारापासून लांब. मागून भरायच्या कोणत्याही मोटारीत हा पेच सुटत नाही. व्हॅनमध्ये तो बाजूच्या सरकत्या दाराने सुटला. सब आणि स्पीकर पार्टिशनला टेकून, सरकत्या दाराच्या बरोबर समोर. पोचल्यावर मी बाजूने माझं सामान काढतो, त्याच वेळी ड्रमर मागून गालिचा आणि हार्डवेअर काढतो. दोन दारं, दोन रांगा, कोणी कोणाची वाट बघत नाही. निव्वळ या एका कारणासाठी मी सरकत्या दाराशिवायची गाडी घेणार नाही.

कीबोर्डची केस सगळ्यांच्या वर, आडवी. गिटारी उभ्या, कीबोर्डच्या स्टँडला पट्ट्याने बांधून. मिक्सरचं रॅक सरकत्या दाराशी, कारण केबल विसरली तर तेच आधी उघडावं लागतं.

राहिलं ऊन-थंडीचं. बंद गाडी उन्हात किती तापते याची २००५ ची एक मोजणी आहे, स्टॅनफर्डच्या संशोधकांची. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. ती मोजणी साध्या मोटारीची होती. काचा नसलेली व्हॅन थोडी हळू तापेल, पण तापते. जुन्या वाद्यांतला जनावरांच्या चामड्या-हाडांचा सरस अशा उष्णतेत मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने पूल (वाद्यावरची तारा बांधायची पट्टी) उचकटू लागतो. थंडीत उलट. गार पडलेली गिटार उबदार खोलीत आणली की केस लगेच उघडायची नाही. लॅकरला (वाद्यावरच्या चकचकीत लेपाला) तडे जातात, इलेक्ट्रॉनिक्सवर दव धरतं. केस बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं. छताला आणि भिंतींना आतून अस्तर लावून घेतलं, त्याने दोन्ही बाबतींत थोडं बरं झालं, आणि झांजांसारखा वाजणारा पत्राही गप्प झाला.

गाडी घेऊन एक हंगाम झाला. सामान रिकाम्या जागेच्या जेमतेम दोन तृतीयांशात बसतं आणि बेसवाल्याला ती मोकळी जागा डोळ्यांत खुपते. तो अधूनमधून विचारतो की दोन बारा-इंचींच्या जोडीला आणखी एक आणलं तर काय बिघडेल. वजनाच्या दृष्टीने काहीच नाही, चारशे किलोंहून जास्त शिल्लक आहे. पण ती रिकामी जागा मी मुद्दाम मागितली होती. दुपारी शुद्धीत रचलेलं सामान मध्यरात्री परत रचताना नेहमी जास्त जागा खातं, आणि छोटी व्हॅन नाकारायचं खरं कारण तेच होतं. सध्या वाटाघाटी कीबोर्डवालीशी चालू आहेत. तिला एक जुना इलेक्ट्रिक पियानो मिळतोय, साठेक किलोंचा. वजनकाटा खोलीतच आहे.